नवे चलन, जुने कंत्राट

नवी नोट आली की तिच्यासाठी यंत्र आणि सॉफ्टवेअर बदलण्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न नोट बाजारात येण्याआधीच सुटलेला असायला हवा. नंतर तो सोडवायला बसले की एकीकडे रांगेत तिष्ठणारी माणसे असतात आणि दुसरीकडे आपली अडचण पुरती ओळखून असलेला पुरवठादार. पुणे महापालिका, शहर बससेवा चालवणारी पीएमपी, मेट्रो, महावितरण, शहरातल्या नागरी सहकारी बँका आणि पेठापेठांतल्या पतसंस्था या साऱ्यांच्या निविदांत आणि वार्षिक देखभाल करारांत चलनबदलाची स्वतंत्र अट असावी, असे माझे ठाम मत आहे. ती मोघम नको, तपासून पाहता येईल अशी हवी. आणि ती आताच घालायला हवी, कारण रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल रुपयाच्या रूपाने खरोखरच एक नवे चलन दारात उभे आहे.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या जुन्या नोटा रद्द झाल्या. मूल्याच्या हिशेबाने चलनातला सुमारे ८६ टक्के भाग एका घोषणेने बाद झाला. निर्णय बरोबर होता की चूक, यावर पुष्कळ लिहून झाले आहे; मला त्यात शिरायचे नाही. मला बोलायचे आहे ते सात मिलिमीटरबद्दल. जुन्या पाचशेच्या आणि हजारच्या नोटेची रुंदी ७३ मिलिमीटर होती. नवी पाचशेची आणि दोन हजारची नोट निघाली ६६ मिलिमीटरची. लांबीही बदलली होती : जुनी पाचशेची नोट १६७ मिलिमीटर, नवी १५०. एटीएममध्ये नोटा ज्या कॅसेटमध्ये भरतात ती नोटेच्या मापाला बेतलेली असते. माप बदलले की इंजिनीअरला त्या यंत्रापाशी स्वतः जाऊन कॅसेटची जुळवणी करावी लागते. मग कोणत्या कॅसेटमध्ये किती रुपयांची नोट आहे हे यंत्रातल्या सॉफ्टवेअरला सांगावे लागते, बँकेकडच्या यंत्रणेलाही सांगावे लागते. देशात अशी दोन लाखांवर यंत्रे होती. नोटांचा तुटवडा तर होताच. पण ज्या नव्या नोटा बँकांत येऊन पडल्या होत्या त्याही जुळवणी न झालेल्या यंत्रांतून बाहेर येऊ शकत नव्हत्या. अखेर १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेला डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांच्या अध्यक्षतेखाली केवळ या कामासाठी कृतिदल नेमावे लागले.

त्या दिवसांत एका प्रश्नाकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. इंजिनीअरच्या फेरीचे पैसे कोणी द्यायचे? यंत्र एका कंपनीने बनवलेले, देखभाल दुसरीकडे, रोकड भरणारी संस्था तिसरी, सॉफ्टवेअर चौथ्याचे. मोठ्या बँकेकडे कायदा विभाग असतो, शिवाय हजारो यंत्रांची मागणी हातात असल्यामुळे तिच्या शब्दाला वजन असते. दहा-बारा शाखांच्या एखाद्या नागरी सहकारी बँकेकडे यातले काहीच नसते. पुरवठादार जो आकडा सांगेल तो मान्य करायचा, नाहीतर शटर ओढून बसायचे.

‘असे प्रसंग पिढीतून एकदा येतात, त्यासाठी कंत्राटे कशाला वाढवायची?’ असे मला अनेकदा ऐकवले जाते. पुढच्या काही वर्षांकडे नुसती नजर टाका. ऑगस्ट २०१७ मध्ये दोनशेची नोट आली, १४६ मिलिमीटर लांबीची, पुन्हा जुळवणी. २०१८ मध्ये शंभरची नवी जांभळट नोट आली, १४२ मिलिमीटरची; पुन्हा जुळवणी, आणि त्या वेळी एटीएम उद्योगातूनच सुमारे १०० कोटी रुपयांच्या खर्चाचा आकडा सांगितला गेला. मे २०२३ मध्ये दोन हजारची नोट चलनातून काढून घेण्याचे जाहीर झाले, म्हणजे तिच्यासाठी राखलेल्या कॅसेट रिकाम्या. एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने एटीएममधून शंभर किंवा दोनशेच्या नोटा मिळाल्याच पाहिजेत असे सांगून त्यासाठी टप्पे आणि मुदती घालून दिल्या. यातला एकही बदल नोटबंदीसारखा धक्का नव्हता. पण दर वेळी कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेला, कोणीतरी प्रोग्राममध्ये हात घातला आणि कोणीतरी बिल पाठवले.

नाण्यांचा प्रकार तर आणखी गमतीचा वाटेल, पण नाणे घेणारे यंत्र बसवणाऱ्याच्या दृष्टीने तो गंभीर आहे. २०११ च्या मालिकेत दोन रुपयांचे नाणे २५ मिलिमीटर व्यासाचे आणि पाच रुपयांचे २३ मिलिमीटरचे होते. २०१९ च्या मालिकेत दोनचे २३ झाले आणि पाचचे २५. केवळ व्यासावरून नाणे ओळखणारे यंत्र नव्या दोन रुपयांना जुने पाच रुपये समजेल. वजन आणि धातू तपासणारे यंत्र फसणार नाही. पण मग त्याला नव्या नाण्याची ओळख करून द्यावी लागेल, आणि ती कोण, कधी, किती पैशांत करून देणार हे लिहिलेले असावे लागेल.

पुरवठादारांची बाजू मी इथेच मांडतो, कारण ती खोटी नाही. देखभाल करारात साधारणपणे ‘वैधानिक बदल’ मोफत करून देण्याचे कलम असते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे दर बदलले. असे बदल या कलमात बसतात, हे बहुतेक जण मान्य करतात. पण नवी नोट म्हणजे वैधानिक बदल का? कराचा दर बदलला की प्रोग्राममधला एक आकडा बदलतो. नोट बदलली की यंत्राचा सुटा भाग बदलावा लागू शकतो, माणूस पाठवावा लागतो, आणि नमुन्याच्या नोटा हातात आल्याशिवाय चाचणीही करता येत नाही. पुरवठादार म्हणतो, हे काम माझ्या किमतीत धरलेले नव्हते. ग्राहक म्हणतो, सरकारने केलेला बदल तो वैधानिकच. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण कलमाने काही सांगितलेलेच नाही. म्हणून चलनबदलाला त्या कलमात कोंबण्यापेक्षा त्याचे स्वतंत्र कलम करणे हाच मार्ग आहे.

हे कलम नव्याने शोधायचीही गरज नाही. युरोपने पंचवीस वर्षांपूर्वी ते लिहून पाहिले आहे, आणि त्या कामात पुण्याचेही हात लागले आहेत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इथले प्रोग्रामर २००० सालच्या तारखांची दुरुस्ती करत होते, त्याच सुमारास युरोची कामेही भारतातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांकडे येत होती. १ जानेवारी १९९९ ला ११ देशांनी युरो हिशेबात आणला. नोटा आणि नाणी लोकांच्या हातात आली १ जानेवारी २००२ ला. मधली तीन वर्षे एकच रक्कम दोन चलनांत जगत होती. त्यासाठी युरोपीय संघाने केलेल्या ११०३/९७ क्रमांकाच्या नियमनात काय करायचे नाही हे बारकाईने सांगितले होते. ठरलेला दर सहा अंकी असेल आणि तो तोडायचा किंवा पूर्णांकात आणायचा नाही. उलटा दर काढून गुणाकार करायचा नाही. फ्रान्सच्या फ्रँकमधून जर्मनीच्या मार्कमध्ये जायचे तर युरोतून जायचे, आणि मधली रक्कम किमान तीन दशांश स्थळांपर्यंत ठेवायची.

हा किस काढण्याचा प्रकार वाटत असेल तर एक हिशेब करून बघा. इटलीचा दर होता एका युरोला १९३६.२७ लिरा. दहा लाख लिरांना या दराने भागले की ५१६.४६ युरो येतात. एखाद्या प्रोग्रामरने सोयीसाठी उलटा दर काढून ०.०००५१६ असा साठवला आणि त्याने गुणले, तर येतात बरोबर ५१६. एका व्यवहारात ४६ सेंट गेले. बँकेच्या सगळ्या खात्यांवर हे झाले तर ताळेबंद जुळणार नाही, आणि चूक कोणाची यावर न्यायालयात जावे लागेल. इटलीत तर व्यवहारातून दशांशच नाहीसा झालेला होता. जुन्या प्रोग्रामांतल्या रकमेच्या रकान्यात सेंटसाठी जागाच नव्हती. त्याशिवाय युरोचे चिन्ह पडद्यावर दिसायला हवे, छापलेही जायला हवे. म्हणून त्या काळात जाणत्या खरेदीदारांनी ‘सॉफ्टवेअर युरोसाठी सज्ज असेल’ एवढ्यावर समाधान मानले नाही. रूपांतर या नियमनानुसार होईल, संक्रमणकाळात दोन्ही चलनांत रक्कम दिसेल, चिन्ह छापले जाईल, जुन्या नोंदी रूपांतरित करताना पडणारा फरक वेगळ्या खात्यात दिसेल, असे एकेक लिहून घेतले.

सगळ्यांत शिकण्यासारखी गोष्ट ब्रिटनची आहे. ब्रिटनने युरो कधीच स्वीकारला नाही. तरीही तिथल्या सरकारी कंत्राटांच्या नमुन्यांत एक कलम होते : पौंडाऐवजी किंवा पौंडाबरोबर युरोत हिशेब ठेवण्याची कायदेशीर गरज पडली, तर कंत्राटदार तो बदल मोफत करून देईल, आणि सरकारी खाते त्याला वाजवी मदत करील. जे चलन आलेच नाही त्याच्यासाठी केलेली ही तरतूद वाया गेली असे मला वाटत नाही. ती कंत्राटावर सही होण्याआधी, दोन्ही बाजू समान पायरीवर असताना केलेली होती, हेच तिचे मोल.

युरोपनेही सगळे पहिल्याच फटक्यात साधले असे नाही. मे २०१३ मध्ये पाच युरोची सुधारित नोट आली तेव्हा तिकिटांची आणि पार्किंगची अनेक यंत्रे ती घेईनात. त्यातून धडा घेऊन युरोपीय मध्यवर्ती बँकेने दहाची नोट सप्टेंबर २०१४ मध्ये आणण्याआधी यंत्र बनवणाऱ्यांना चाचणीसाठी नोटा आगाऊ दिल्या. आपल्याकडे २०१६ मध्ये गुप्ततेमुळे हे शक्य नव्हते. पुढेही कधी शक्य नसेल. म्हणून आपल्या कलमातली मुदत ‘बदलाच्या दिवसापासून’ मोजून चालणार नाही. नोटेचा नमुना किंवा तांत्रिक तपशील पुरवठादाराच्या हाती पडल्यापासून ती मोजली पाहिजे. जे त्याच्या हातात नाही त्याचा दंड त्याला लावणे अन्यायाचे होईल.

आपल्याकडचा जुना अनुभवही कमी बोलका नाही. १ एप्रिल १९५७ ला आणे-पै जाऊन दशमान नाणी आली. रुपयाचे १६ आणे होते, त्याचे १०० नवे पैसे झाले. म्हणजे एक आणा सव्वासहा पैशांचा. पण सव्वासहा पैसे कोणाच्या हातावर ठेवणार? म्हणून जवळच्या पूर्ण पैशात रक्कम आणायची आणि अर्धा पैसा सोडून द्यायचा असे ठरले : एक आणा म्हणजे ६ पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. आता एक-एक आण्याच्या सोळा वस्तूंचे पैसे वेगवेगळे घेतले तर ९६ पैसे होतात आणि एकत्र घेतले तर १००. हे चार पैसे गिऱ्हाइकाचे की दुकानदाराचे, हे रूपांतर वस्तूगणिक करायचे की बेरजेवर, यावर ठरते. तेव्हा हे माणसे करत होती आणि चूक झाली तर तोंडावर भांडता येत होते. आज हा निर्णय प्रोग्राममधल्या एका ओळीत दडलेला असतो आणि ती ओळ ग्राहकाला कधीच दिसत नाही. ती करारात लिहून घ्यायची तेवढ्यासाठीच.

पेशवाईतल्या पुण्याला यात काही नवल वाटले नसते. बाजारात अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये चालत, म्हणून व्यवहार लिहितानाच कोणता रुपया हे लिहिले जाई. एका रुपयाचा दुसरा करायचा तर बट्टा, म्हणजे अदलाबदलीची वजावट, पडे, आणि तो कोणी सोसायचा हेही ठरवावे लागे. कंपनी सरकारने १८३५ मध्ये एकसारखा रुपया आणल्यावर ही सवय हळूहळू सुटली. एकच रुपया, कायमचा रुपया, असे आपण गृहीत धरू लागलो.

ते गृहीतक आता पुन्हा तपासण्याची वेळ आली आहे. २०२२ च्या वित्त कायद्याने रिझर्व्ह बँक कायद्यातल्या ‘बँक नोट’ या संज्ञेत डिजिटल नोटही बसवली. किरकोळ व्यवहारांसाठी डिजिटल रुपयाचा प्रयोग १ डिसेंबर २०२२ ला मुंबई, नवी दिल्ली, बेंगळुरू आणि भुवनेश्वर इथे सुरू झाला. पुढच्या टप्प्यात जाहीर झालेल्या नऊ शहरांतही पुणे नव्हते. त्यामुळे इथे अनेकांना तो यूपीआयचाच आणखी एक प्रकार वाटतो. दुकानातल्या यूपीआयच्या क्यूआर कोडवर तो देता येतो हे खरे आहे. पण यूपीआयमधून सरकतात ते तुमच्या बँकखात्यातले पैसे. डिजिटल रुपया खिशातल्या नोटेसारखा थेट रिझर्व्ह बँकेचे देणे असतो, नोटा-नाण्यांच्याच मूल्यांत येतो आणि त्यावर व्याज मिळत नाही.

वाकड, वारजे, धनकवडी, कुठल्याही भरणा केंद्रात मिळकतकर घेणाऱ्या कारकुनाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. दिवसअखेर तो नोटांचा तपशील लिहितो, धनादेशांची यादी करतो, ऑनलाइन भरणा बँकेच्या विवरणाशी जुळवतो. संस्थेने उद्या स्वतःच्या वॉलेटमध्ये डिजिटल रुपया स्वीकारायला सुरुवात केली तर ती रक्कम रोख वहीत जाईल की बँक वहीत? परतावा द्यायचा झाला तर कोणत्या मार्गाने? वॉलेटची किल्ली कोणाच्या ताब्यात असेल आणि त्या माणसाची बदली झाली की काय करायचे? लेखापरीक्षक कोणता पुरावा मागेल? हे प्रश्न सॉफ्टवेअरचे आहेत, आणि आज बसवले जाणारे सॉफ्टवेअर बरीच वर्षे वापरात राहणार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ठरावीक कामासाठीच खर्च करता येईल असा डिजिटल रुपया आणि नेटवर्कशिवाय चालणारे व्यवहार यांचे प्रयोग जाहीर केले. सिंहगडाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या बसमध्ये मोबाइलची रेंज गेल्यावरही तिकीट काढता आले तर प्रवाशाला ते हवेच आहे. पण वाहकाच्या हातातले तिकीट यंत्र त्यासाठी योग्य असायला हवे. नसेल तर ते बदलायचे कोणाच्या पैशाने, याचे उत्तर यंत्रे विकत घेतानाच द्यायला हवे.

आता किमतीचा मुद्दा. ‘भविष्यात येणाऱ्या कोणत्याही चलनासाठी सर्व बदल मोफत’ असे लिहिले तर मोठी कंपनी तो धोका किमतीत धरून बोली वाढवेल आणि पुण्यातली वीस-पंचवीस माणसांची छोटी कंपनी निविदाच भरणार नाही. नुकसान शेवटी करदात्याचेच. म्हणून मी काम दोन भागांत तोडावे असे म्हणतो. नोटांची आणि नाण्यांची मूल्ये, भरण्याचे प्रकार, चलनाचे चिन्ह, पूर्णांकात आणण्याचा नियम, हे सगळे सॉफ्टवेअरमध्ये तक्त्यात ठेवले पाहिजे, म्हणजे अधिकार असलेल्या कर्मचाऱ्याला ते प्रोग्रामला हात न लावता बदलता येईल. पुरवठादाराने पाचशे आणि हजार हे आकडे प्रोग्राममध्येच कोरून ठेवले असतील तर तो त्याच्या रचनेतला दोष आहे आणि दुरुस्ती त्यानेच विनामूल्य केली पाहिजे. यात घासाघीस नको. यंत्राचे सुटे भाग आणि इंजिनीअरची फेरी मात्र फुकट मागू नये. त्यांचा दर निविदेतच भरून घ्यावा, म्हणजे स्पर्धा चालू असतानाच तो ठरेल, अडचणीच्या वेळी नाही. डिजिटल रुपयासारखा सर्वस्वी नवा मार्ग जोडायचा असेल तर त्याचे मनुष्यदिवस आणि दर आधी नोंदवून ठेवावेत.

कलम लिहिले तरी चाचणीशिवाय ते कागदावरच राहते. सॉफ्टवेअर ताब्यात घेतानाच एक काल्पनिक नोट, समजा साडेतीनशे रुपयांची, तक्त्यात घालून पावती, दैनिक गोषवारा, परतावा आणि लेखापरीक्षण अहवाल सगळीकडे ती बरोबर दिसते का हे पुरवठादाराकडून करून दाखवायला हवे. अर्ध्या दिवसाचे काम आहे. रुपयाच्या चिन्हाचीही हीच कथा. मंत्रिमंडळाने ते १५ जुलै २०१० ला मंजूर केले, त्याच वर्षी संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक मानकात, युनिकोडमध्ये, त्याला जागा मिळाली, आणि तरीही आज अनेक थर्मल प्रिंटरवर त्याच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा रिकामी चौकट उमटते. कोणाच्याच अटींत ते नव्हते, म्हणून कोणीच तपासले नाही.

खरेदीदारालाही बांधून घेतले पाहिजे, नाहीतर कलम एकतर्फी होईल. रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक आल्यावर ते ठरावीक दिवसांत पुरवठादाराला लेखी कळवणे, चाचणीसाठी नमुन्याच्या नोटा आणि एक जबाबदार अधिकारी देणे, रूपांतराचा नियम संस्थेने स्वतः ठरवून लेखी देणे ही त्याची कामे. पूर्णांकाचा नियम प्रोग्रामरवर सोपवून नंतर त्याला दोष देणाऱ्या संस्थांबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही.

महापालिका किंवा मेट्रोकडे कंत्राटे तपासणारी माणसे आहेत. त्यांनी हे मनावर घेतले तर करू शकतील. मला काळजी वाटते ती लहान बँकांची आणि पतसंस्थांची. पुरवठादाराने पुढे केलेल्या छापील करारावर त्या सह्या करतात. त्यांच्यापैकी एकेकटीने अट घालायची म्हटले तर कोणी ऐकणार नाही. पण महाराष्ट्राच्या सहकार आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे. बँक व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था कोंढव्याला आहे. रिझर्व्ह बँकेचे कृषी बँकिंग महाविद्यालय विद्यापीठ रस्त्यावर आहे. असे कलम लिहिण्यासाठी लागणारे कायद्याचे, बँकिंगचे आणि सॉफ्टवेअरचे ज्ञान एका रिक्षाच्या अंतरात सापडते. सहकार आयुक्तालयाने या मंडळींना आणि लहान सॉफ्टवेअर कंपन्यांच्या प्रतिनिधींना एकत्र बसवून दोन पानांचा मराठी नमुना तयार करावा आणि तो सर्व सहकारी संस्थांकडे पाठवावा. सक्ती नसली तरी चालेल. हातात नमुना असला की लहान संस्थेचा सचिव पुरवठादाराला ‘आयुक्तालयाचे कलम आहे, ते घाला’ एवढे तरी म्हणू शकतो. बहुतेक संस्थांचे देखभाल करार आर्थिक वर्षाबरोबर, १ एप्रिलपासून नव्याने सुरू होतात. येत्या वर्षात ही अट लागू व्हायची तर नमुना फेब्रुवारी संपण्याआधी संस्थांच्या हातात पडला पाहिजे.